पाडव्याचा कॉम्प्युटर

पूनम येळवंड्यांची सून होऊन महाळुंग्यात आली तेव्हा गाव चारी बाजूंनी कंपन्यांनी वेढलेलं होतं. गच्चीवरून बघितलं की निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची छपरं, उंच टाक्या, आणि त्यांच्या मध्ये कुठंतरी चुकून राहिलेला उसाचा एखादा तुकडा दिसायचा. घरात कशाची ददात नव्हती. नवरा रणजीत हायड्रा क्रेन कंपन्यांना भाड्यानं द्यायचा. मागच्या चाळीत परगावचे कामगार राहायचे. सासू शालनबाई तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हती. तरी पूनमला चैन नसे.

ती आकुर्डीची. वडील कंपनीत होते. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि लग्नाआधी भोसरीतल्या एका डिझाइन ऑफिसात फिक्स्चर काढायचं काम करत होती. मशीनवर लोखंडाचा एखादा भाग कापायचा, भोकं पाडायची, तर तो कणभरही हलता कामा नये. त्याला खालून टेकवणारी, बाजूनं अडवणारी आणि वरून दाबून धरणारी जी पकड लागते तिला फिक्स्चर म्हणतात. पूनमला त्या कामात गोडी होती. लग्नानंतरही तिनं ते काही दिवस केलं. मग सायली झाली, आणि पोर शाळेत जायला लागली की परत जाऊ, असं म्हणता म्हणता पोर आठवीत गेली.

या वर्षांत पूनमनं स्वयंपाकघराची मांडणी किती वेळा बदलली याला गणती नाही. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला जायचं. चाळीतल्या नळाची चावी गळते म्हटल्यावर प्लंबरची वाट न बघता ती स्वतः पाना घेऊन बसायची. दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला गच्चीवर उभी राहून कंपन्यांच्या बसेस बघायची. त्या फाटकांच्या आत इतक्या वर्षांत तिनं एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

"पायाला भिंगरी बांधलीया जनू हिच्या," शालनबाई म्हणायच्या. "दोन घास बसून खाशील तर शपथ."

त्या वर्षी मोशीच्या एका लॉन्सवर लग्नात तिला शेखर भेटला. भोसरीच्या ऑफिसात तो तिचा सीनियर होता. आता चिंचवडला त्याचं स्वतःचं डिझाइन ऑफिस होतं. अक्षता पडल्या, लोक जेवणाच्या रांगेकडे पळाले, आणि हे दोघं खुर्च्यांच्या मध्ये उभ्या उभ्या बोलत राहिले.

"कामं इतकी आलीत, माणसं मिळेनात," शेखर म्हणाला. "तू घरून करशील?"

पूनमला वाटलं तो थट्टा करतोय. "मी? माझं सगळं विसरलं असेल."

"विसरत नाही ते. सॉफ्टवेअर नवीन आहे, महिन्याभरात हात बसेल. पण तुझ्याकडे कॉम्प्युटर नीट पाहिजे. शंभर-दोनशे पार्टची असेंब्ली उघडली की साधे लॅपटॉप मान टाकतात. दिवाळीनंतर एक मोठं काम सुरू होतंय. तोवर तयारीत असशील तर त्यातला एक तुकडा तुझा."

घरी येताना गाडीत ती डोळे मिटून जुनी फिक्स्चर आठवत राहिली. रणजीतला वाटलं, डोकं दुखत असेल.

शेखरनं सरावाला एक जुनं डिझाइन पाठवलं. ते तिनं सायलीच्या शाळेच्या लॅपटॉपवर उघडलं. पडद्यावर गोल चकती फिरत राहिली. पूनमनं कुकर लावला, भाजी चिरली, परत येऊन बघितलं तर चकती फिरतच होती. मग लॅपटॉप आपोआप बंद पडला आणि हात लावला तर तव्यासारखा तापलेला.

तिथून तिची खरी तगमग सुरू झाली. तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, एकेक भाग आपल्या कामाला बघून निवडायचा, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. कुणी सांगितलं होतं असं नाही. पण फिक्स्चर तरी कुठं बाजारात तयार मिळतं? ते त्या भागासाठीच करावं लागतं. याचंही तसंच, असं तिला वाटलं.

ती वाचत सुटली. भाकरी थापताना मोबाइल पोळपाटाला टेकवून ठेवायची. प्रोसेसर कुठला, हे आधी. तिच्या कामाला ढीगभर गाभे, म्हणजे कोअर, असलेला प्रोसेसर नको होता, थोडे पण चपळ गाभे हवे होते. कारण डिझाइन फिरवताना बहुतेक ओझं एकाच गाभ्यावर पडतं. तो ठरला की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी. पण प्रोसेसरच्या बुडाशी ज्या जोडण्या असतात त्यांना जुळणारी बैठक बोर्डावर पाहिजे. एका कंपनीचा प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर बसत नाही, आणि त्याच कंपनीचा नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसेलच असंही नाही. बोर्ड ठरला की रॅम, तीही त्या बोर्डाला चालेल त्याच पिढीची, कारण प्रत्येक पिढीच्या कांडीवरचा काप वेगळ्या जागी असतो. मग या सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय. मग हे सगळं मावेल असा कॅबिनेट.

संध्याकाळपर्यंत ठरलेलं सकाळी तिला पटत नसे. रॅमसाठी चार खाचांचा बोर्ड बघितला की दोन खाचांचा टाकून द्यावासा वाटे. तो मोठा म्हणून कॅबिनेट बदले. कॅबिनेट बदलला की पंखे बदलत. एक बदललं की सगळी माळ ओघळायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून ओवायला बसायची.

पिंपरीत शौकतभाईंचं दुकान होतं. सुटे भाग विकायचे, जोडूनही द्यायचे. दाढी पिकलेली, चष्मा कपाळावर. पूनम तिथं इतक्या वेळा गेली आणि तिनं इतके फोन केले, की तिचा आवाज ऐकला की ते हसायचे.

"ताई, सोमवारी तुम्ही एक बोर्ड सांगितला. मी मागवून ठेवला. आज दुसरा सांगताय. तुम्हाला कॉम्प्युटर घ्यायचाय का नुसता निवडायचाय?"

"चुकायला नको हो, शौकतभाई."

"चुकत नाही. मी बसलोय ना. जे बसणार नाही ते मी देणारच नाही. पण कधीतरी हो म्हणा."

पूनम हो म्हणायची आणि बसस्टॉपपर्यंत येईतो तिला नवीन शंका सुचलेली असायची. बसमध्ये खिडकीशी बसून ती नखं कुरतडायची. ही सवय शाळेत सुटली होती, आता परत लागली.

रणजीत हे सगळं बघत होता. बायको जेवताना ताटाकडे बघत नाही, हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देते, हे त्याला दिसत होतं. एकदा तो म्हणाला, "एवढा जीव का जाळतीस? सांग, आजच्या आज आणतो. आपल्याला काय कमी हाय?"

"कमी काही नाही. मला बघून घ्यायचंय."

"कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर. त्यात बघायचं काय?"

तिनं सांगायला सुरुवात केली. बैठक, खाच, पिढी. थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला, कुठल्याशा कंपनीत हायड्रा अडकली होती, आणि तो उठून गेला. पूनमला राग आला नाही. आपणच नीट सांगू शकलो नाही असं तिला वाटलं.

दिवाळी आली. पाडव्याला संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. पूनमनं रणजीतला ओवाळलं. तो नेहमी ताटात पाकीट टाकायचा. या वेळी त्यानं काहीच टाकलं नाही, नुसता हसत उठला. "चल," म्हणाला, "डोळं झाक."

सायली खिदळत होती. म्हणजे तिला माहीत होतं. पूनमला हाताला धरून त्यांनी पुढच्या खोलीत नेलं. डोळे उघडले तर टेबलावर काचेच्या बाजूचा मोठा काळा कॅबिनेट, आत पंखे फिरतायत आणि त्यातून लाल, हिरवा, जांभळा उजेड भिंतीभर पळतोय. शेजारी भलामोठा स्क्रीन. कॅबिनेटला रणजीतनं झेंडूचा हारही घातला होता.

"वाकडच्या दुकानातला हाय. तिथला पोरगा म्हनला, याच्यावर काय बी चालतंय."

शालनबाई दारातून बघत होत्या. "देवळावानी लाइटिंग हाय गं बाई," त्या कौतुकानं म्हणाल्या.

पूनम हसली. हसावंच लागलं. रणजीतचा चेहरा इतका उजळला होता की त्याला काही बोलणं शक्यच नव्हतं. पण इतके दिवस जी माळ ती ओवत होती ती कुणीतरी एका झटक्यात हातातून काढून घेतली होती, आणि तीही प्रेमानं.

तिनं त्या कॉम्प्युटरवर काम करून बघितलं. मनापासून बघितलं. शेखरचं डिझाइन उघडलं, तेव्हा तिला क्षणभर वाटलं, जमतंय की. पण ते फिरवायला गेलं की पडद्यावर अडखळायचं. एखादा भाग बदलला की मशीन विचार करत बसायचं. शेखर रोज विचारायचा, "झाली तयारी?" ती म्हणायची, "होतेय." घरात कुणाला काही बोलली नाही. मागं राहिलेली भाऊबीज करायला आकुर्डीला गेली तर तिथंही तिचं लक्ष नव्हतं. भाऊ म्हणाला, ताई, तुझ्या मनात काय चाललंय? ती म्हणाली, काही नाही, दिवाळीचा शीण आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी तिला राहवलं नाही. रणजीत कामावर, सायली शाळेत. तिनं जमिनीवर चादर अंथरली, कॅबिनेट आडवा केला आणि काच काढली. एकेक भागावरचं नाव वाचत गेली. प्रोसेसर कित्येक वर्षं जुन्या पिढीचा. गाभे भरपूर, पण सगळे मंद. बोर्ड छोटा. रॅमची एकच कांडी. पॉवर सप्लायवर धड कंपनीचं नावही नव्हतं. ग्राफिक्स कार्ड तेवढं चांगलं होतं. बाकी जो काही दिमाख होता तो पंख्यांच्या उजेडात होता.

नुसता प्रोसेसर बदलून भागणार नव्हतं. नवा प्रोसेसर त्या बोर्डावर बसला नसता. नव्या बोर्डाला ती जुनी रॅम चालली नसती. तिनं स्क्रू खोलायला घेतले. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरी हात थांबत नव्हते.

तेवढ्यात रणजीत जेवायला आला. दारातच थबकला. चादरीवर त्यानं दिलेली वस्तू पोट फाडल्यासारखी उघडी पडली होती. वाळलेला हार कोपऱ्यात होता.

"बिघडला व्हय?" त्यानं विचारलं.

"नाही," पूनम म्हणाली. खोटं बोलता आलं असतं, पण ती बोलली नाही. "माझ्या कामाला चालत नाही. ह्यातलं थोडं बदलायचंय."

"थोडं?" तो खाली बघत म्हणाला. "समदंच काढलंयस की."

"अहो, प्रोसेसर जुना आहे, तो बदलला की बोर्ड, आणि बोर्ड बदलला की..."

"मी आणल्याला म्हनून जुना. तू आणला असतास तर नवा." त्याचा आवाज चढला नाही. त्यामुळं ते जास्त लागलं. "पाडव्याची वस्तू हाय, पूनम. लोकं जपून ठेवत्यात."

तो न जेवता गेला. शालनबाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं.  थोड्या वेळानं सुनेला म्हणाल्या, "न्हाई जमायचं तर आत्ताच मिटव बाई. त्याचा राग लवकर उतरत न्हाई, बापावर गेलाय."

"आत्या, मला ते काम पाहिजे," पूनम सासूला म्हणाली.   शालनबाईंनी उठून चादरीवर आलेली कोंबडी हाकलली.

दुसऱ्या दिवशी पूनम पिंपरीला गेली, आणि या वेळी मात्र तिची चलबिचल झाली नाही. जाण्याआधी तिनं बारीक माप घ्यायचं आपलं जुनं व्हर्नियर ट्रंकेतून काढलं होतं आणि कॅबिनेट आतून मोजला होता. बोर्डाच्या जागेपासून काचेपर्यंत किती अंतर, कार्डच्या पुढं किती जागा उरते, सगळं. प्रोसेसरवर बसणारा जो कूलर तिनं आधी निवडला होता तो उंच होता. काच लागलीच नसती. तिनं बुटका निवडला.

शौकतभाईंनी तिचं मोजमाप ऐकलं आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "व्हर्नियरनं मोजलंत? लोक टेपनंसुद्धा मोजत नाहीत. घेऊन जातात, काच बसत नाही, मग माझ्याशी भांडतात."

प्रोसेसर, चार खाचांचा मोठा बोर्ड, रॅमच्या दोन कांड्या, नावाजलेला पॉवर सप्लाय. तिनं आणलेले जुने भाग त्यांनी किमतीत धरून ठेवून घेतले. "आमच्याकडे जोडून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी जोडते."

"मग घाई करू नका. आणि अडलं तर फोन करा."

तिनं जोडला. प्रोसेसर त्याच्या बैठकीत अलगद बसला. रॅमच्या कांड्या टिचकन आवाज करून बसल्या. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवून स्क्रू आवळले. वायरी लावल्या. बटण दाबलं. पंखे जेमतेम हलले आणि थांबले. स्क्रीन काळा.

पुन्हा दाबलं. तसंच.

सायली शाळेतून आली तेव्हा आई जमिनीवर तशीच बसलेली होती. पूनमनं रॅम काढून परत लावली. एकच कांडी लावून बघितली. वायरी सगळ्या उपसून परत खोचल्या. स्क्रीन काळा तो काळाच. दोन दिवस ती त्यातच होती. रणजीत यायचा, जेवायचा, त्या खोलीच्या दारावरून मान न वळवता जायचा. पूनमच्या हातून दूध उतू गेलं, भाताला करपट वास लागला. शेखरचा मेसेज आला, सोमवारी काम वाटायचंय, तुझं नाव धरू का? तिनं तो उघडून वाचला आणि पुन्हा वायरी तपासायला बसली. मनात येत होतं, महागाचा बोर्ड आपल्याच हातानं जाळला. मनात हेही येत होतं की रणजीतनं आणलेलं चालू मशीन मोडून आपण मेलेलं मशीन करून ठेवलं.

शेवटी तिनं शौकतभाईंना फोन लावला. सांगता सांगता तिला रडू आलं.

"रडू नका," ते म्हणाले. "असं करा. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला ना, त्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, एक रॅम, कार्ड, पॉवर सप्लाय, बस्स. बाकी काही नको. आणि मग चालू करून बघा."

तिनं तसं केलं. खोक्यावर मांडलेल्या त्या उघड्या पसाऱ्यात पंखा भिरभिरला आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. पूनमनं तोंडावर हात ठेवला.

"चाललं!" ती फोनमध्ये ओरडली.

"चाललं ना? मग सगळे पार्ट बरोबर आहेत. घोळ तुमच्या डब्यात आहे."

फोन ठेवून तिनं रिकामा कॅबिनेट खिडकीच्या उजेडात धरला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळेचे छोटे आखूड पाय असतात, त्यांच्यावर बोर्ड बसतो आणि वरून स्क्रू लागतात. पूनमनं बोर्डाची भोकं आणि ते पाय एकावर एक धरून बघितले. बहुतेक जुळत होते. पण खालच्या बाजूला दोन पाय असे होते की त्यांच्यावर बोर्डाला भोकच नव्हतं. ते जुन्या छोट्या बोर्डाचे होते. तिनं ते काढलेच नव्हते. बोर्ड ठेवला की ते खालून त्याच्या सोल्डरच्या उघड्या डागांना टेकत होते आणि वीज भलतीकडे जात होती.

ती तिथंच बसून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भोसरीत पहिल्या आठवड्यात शेखरनं तिला हेच शिकवलं होतं. फिक्स्चरला प्रत्येक टेकू कशासाठी आहे ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो काढून टाक. तिनं पक्कड आणून दोन्ही पाय काढले, बोर्ड बसवला, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं.

चालू झालं.

शेखरला मेसेज केला. "नाव धर."

त्या संध्याकाळी रणजीत दारावरून जाताना थांबला. स्क्रीनवर एक राखाडी रंगाची मोठी आकृती सावकाश फिरत होती, न अडखळता. तो आत आला, कॅबिनेटकडे बघितलं.

"लाइटी कुठं गेल्या?"

"त्यांची पिन ह्या बोर्डाला बसत नाही. जबरदस्तीनं लावली तर जळेल."

"म्हंजी मी आणल्यालं काहीच बसलं न्हाई."

पूनम खुर्चीवरून उठली. "डबा तुमचाच आहे. कार्ड तुमचं, स्क्रीन तुमचा. कार्ड तर मला घेताच आलं नसतं असं आणलंय तुम्ही." ती थांबली. "मी आधी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही एवढ्या हौसेनं आणलं आणि मी तोंड मिटून बसले."

"आन मी इचारायला पायजे हुतं," रणजीत म्हणाला. त्याला हे बोलायला बरेच कष्ट पडले. मग तो पडद्याकडे वळला, कारण ते सोपं होतं. "हे काय हाय?"

"फिक्स्चर. ह्याच्यात गिअरबॉक्सचा डबा धरायचा आणि मशीनवर चढवायचा."

"वजन?"

तिनं सांगितलं.

"मग हातानं न्हाई चढायचं. हुक कुठं लावायचा?"

तिनं आकृती फिरवून वरच्या कोपऱ्यांतली कड्यांची जागा दाखवली. तो वाकून बघत राहिला. "जरा आत घे. एवढ्या कडंला धरलं तर उचलताना साखळ्या लई फाकत्यात, ताण वाढतो," म्हणाला. तिनं कड्या आत घेऊन दाखवल्या, आणि पुढं किती तरी वेळ दोघं ते जड लोखंड पडद्यावर उचलत, ठेवत बसले. शालनबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली.

काम झालं. लगेच झालं असं नाही. सॉफ्टवेअरवर हात बसेपर्यंत पूनमनं एकच गोष्ट तीनतीनदा केली, शेखरनं दोनदा तिचं ड्रॉइंग लाल करून परत पाठवलं, एकदा फोनवर चिडलाही. गावातली वीज मधूनच डोळा मारायची, म्हणून रणजीतनं यूपीएस आणला. आणण्याआधी त्यानं दुकानातून फोन करून विचारलं, "केवढा घिऊ, सांग." पूनमनं भागिले-गुणिले करून आकडा सांगितला.

फेब्रुवारीत शेखरचा निरोप आला. फिक्स्चर तयार होऊन कंपनीत गेलंय, उद्या ट्रायल आहे, तू ये. कंपनी महाळुंग्यातलीच, घरापासून दोन फाटकं पलीकडे. शालनबाईंना नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "थितं आमच्या दिराची ज्वारी असायची." रणजीतनं तिला मोटारसायकलवरून फाटकापर्यंत सोडलं. तिनं पास घेतला, पायात कंपनीचे जड बूट घातले, डोळ्यांवर चष्मा. ती आत गेली.

तेलाचा वास, हवेच्या नळ्यांची फुसफुस, पिवळ्या पट्ट्यांमधून चालायचं. शेखर आधीच आला होता. मशीनमध्ये तिचं फिक्स्चर बसवलेलं होतं. पडद्यावर तिनं ते इतकं फिरवलं होतं, पण खरं लोखंड बघून ती क्षणभर ओळखेना. ऑपरेटर ज्योतीराम, लातूरकडचा शांत माणूस, त्यानं भाग ठेवला. भाग जागच्या जागी बसला. कणभर हलला नाही. शेखरनं तिच्याकडे बघून मान हलवली.

मग ज्योतीरामनं भाग दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचं हँडल फिरवलं आणि थांबला. "म्याडम, हे बघा की. हँडल दाराला लागायलंय. दार पुरं मिटत नाही."

पूनम वाकली. खरंच लागत होतं. अगदी बोटभर. मशीनच्या दाराची आतली कड तिनं हिशोबात धरली नव्हती.

"एवढं होतंच पहिल्या वेळी," शेखर म्हणाला. "बाकी सगळं पास आहे. दोन-तीन दिवसांत नवीन ड्रॉइंग दे. पुढचंही काम तुलाच देतोय."

ती हो म्हणाली, पण तिचं मन केव्हाच घरी पोचलं होतं. हँडल आखूड करायचं का क्लॅम्पच वळवायचा? वळवला तर खालचा टेकू सरकवावा लागेल. ज्योतीरामला तिनं विचारलं, कुठल्या बाजूनं फिरवायला सोपं जाईल, आणि त्यानं हातानं दाखवलं त्याचा तिनं मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला. चहा नको म्हणाली. बूट परत केले.

बाहेर रणजीत गाडीवर बसून वाट बघत होता. "जमलं का?"

"भाग बसला. एक हँडल चुकलंय. चला लवकर."

तो तिच्या तोंडाकडे बघून हसला आणि किक मारली. चौकात कंटेनर आडवा अडकला होता, त्याच्यामागं कंपन्यांच्या बसेस, रिक्षा, मोटारसायकली, सगळं थिजलेलं. हॉर्न वाजत होते. रणजीतनं पाय टेकवले. थोडा वेळ पूनम त्याच्या मागं बसून मान उंच करून पुढं बघत राहिली. मग उतरली.

"अगं, सुटंल आत्ता," तो म्हणाला.

"तुम्ही या मागनं," ती म्हणाली, आणि उभ्या गाड्यांच्या मधून वाट काढत घराच्या दिशेनं भराभर चालायला लागली.